एकच हेडलाईट जळत होता आणि डॅशबोर्ड म्हणतोय सगळं ठीक! हा निळा दिवा नक्की सांगतो तरी काय?

साखळीकर (धागाकर्ता), सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या विभागात पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

शनिवारी बेळगावहून चोर्ला घाटाने परत येत होतो. निघायलाच उशीर झाला, कणकुंबी सोडेपर्यंत मिट्ट अंधार. घाटमाथ्यावर ऑगस्टात असतं तसंच, पाऊस आणि धुकं एकदम. पुढचं धड दिसेना. वायपर जुने, काचेवर आतून वाफ, त्यात बायको म्हणते तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. उतरणीला एक ट्रक समोरून असा अंगावर आला की मी गाडी पार गटाराच्या काठावर घातली. तो शिव्या देत गेला, मीही दिल्या.

केरीला चहाला थांबलो तर टपरीवाला म्हणतो, "दादा, मला वाटलं मोटरसायकल येतेय. उजवा फोकस बंद आहे तुमचा." उतरून पाहिलं, खरंच. ड्रायव्हरच्या बाजूचा. अगदी विझलेला नव्हता, आत विडीच्या टोकाएवढं तांबूस काहीतरी दिसत होतं, पण रस्त्यावर उजेड शून्य.

मीटरवर हेडलाईटचा हिरवा दिवा मात्र पूर्ण रस्ता व्यवस्थित लागलेला! गाडी २००९ ची साधी हॅचबॅक. पण तीच गाडी दार नीट लागलं नाही तर सांगते, हँडब्रेक ओढलेला राहिला तर सांगते. मग अर्धा उजेड गेलाय हे सांगायला तिला काय होतं?

आणि एक कोडं. अप्पर (लांबचा झोत) मारला की मीटरवरचा निळा दिवा झक्क लागतो, ते बरोबर. पण डिपरवर (खालच्या झोतावर) आणला तरी तो पूर्ण विझत नाही. मिणमिणत राहतो, अंधारात नीट पाहिलं तरच कळेल इतका. हे आधी नव्हतं. याचा त्या बंद दिव्याशी काही संबंध असेल का?

म्हापशेकर, सोमवार, रात्री ११.०५

पहिल्यांदा त्या ट्रकवाल्याची माफी मागा. :) आपण रस्त्याच्या डावीकडून जातो, म्हणजे तुमचा उजवा दिवा रस्त्याच्या मधल्या अंगाला. तो गेला की समोरच्याला दिसतो फक्त डावा, म्हणजे अगदी कडेने चाललेली बाईक. तो बाईकला पुरेल एवढीच जागा सोडणार. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन चालू आहे तोवर जळतच असतो, त्यामुळे एक दिवा म्हणजे बाईक हे सगळ्यांच्या डोक्यात आणखीच पक्कं बसलंय.

हिरव्या दिव्याचं म्हणाल तर तो बिचारा खोटं बोललेला नाही. घरातल्या स्विचबोर्डावर तो बारीक लाल दिवा असतो ना, तसाच हा. तो लागला म्हणजे बोर्डात वीज आली. पंखा फिरतोय की नाही ते मान वर करूनच बघावं लागतं. मीटरवरचा हिरवा आणि निळा 'तुम्ही बटण फिरवलंत' एवढंच सांगतात. तक्रारीचे रंग पिवळा आणि लाल. तुमच्या गाडीत हेडलाईटसाठी पिवळा दिवाच नाही, मग तक्रार करणार कोण?

घाटवाट, सोमवार, रात्री ११.२०

+१. माझ्या आधीच्या गाडीत तर हिरवाही नव्हता, फक्त निळा. रात्री समोरच्या भिंतीवर बघायचं, हाच काय तो इंडिकेटर.

अबोली_पर्वरी, मंगळवार, सकाळी ८.१५

साखळीकर, माझं नेमकं तुमच्या उलट झालं होतं. तुमचा दिवा बंद आणि गाडी गप्प. माझे दोन्ही दिवे लख्ख आणि गाडी बोंबलतेय.

माझ्या गाडीत तो पिवळा दिवा आहे. गोल बल्बासारखं चित्र, भोवती किरण आणि मध्ये उद्गारचिन्ह. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने हॅलोजन काढून बाजारातले एलईडी घातले. उजेड पांढराशुभ्र, मी खूश. घरी पोचेपर्यंत मीटरवर पिवळा. उतरून पाहते तर दोन्ही मस्त जळतायत.

मग भावाने समजावलं. अशा गाड्यांत एक कंट्रोल युनिट असतं, बीसीएम म्हणतात त्याला, ते बल्बाकडे जाणारा करंट मोजतं. ५५ वॅटचा हॅलोजन १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेतो. तार तुटली की शून्य, म्हणून पिवळा. एलईडी घेतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. गाडीला उजेड थोडाच दिसतो, तिला फक्त करंट कळतो. तिच्या हिशेबात माझे बल्ब मेले होते.

दुकानदार म्हणाला, काही नाही ताई, रेझिस्टर टाकू. म्हणजे एलईडीने वाचवलेली वीज त्या रेझिस्टरमध्ये नुसती गरम करून घालवायची, गाडीला फसवायला! त्याने तो बंपरच्या आतल्या प्लास्टिकला टायने बांधून दिला. आठवड्याभरात प्लास्टिक वितळल्याचा वास. आता परत हॅलोजन. आणि खरं सांगायचं तर पावसात पिवळट उजेडच बरा वाटतो, पण ते माझं मत.

म्हापशेकर, मंगळवार, सकाळी ९.०२

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घालणाऱ्यांवर मी एक वेगळा धागा काढणार आहे. तोपर्यंत गप्प.

सुशेगाद, मंगळवार, सकाळी ९.३०

निळा मिणमिणतोय म्हणजे डिपरचा स्विच खराब. कार्बन धरला असेल. बदलून टाका.

घाटवाट, मंगळवार, सकाळी १०.११

किंवा अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनसची वायर) गेला असेल. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अर्थच्या नटाला गंज चढतोच. पण मग दोन्ही दिवे मंद व्हायला हवेत ना?

वायरमन_डिचोली, मंगळवार, दुपारी २.४८

साखळीकर दादा, बल्ब आणायला धावू नका आणि स्विचला तर अजिबात हात लावू नका. आधी फ्यूज बघा, उजव्या हेडलाईटचा. माझी पैज.

निळा दिवा मिणमिणतो हे तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. निम्मी माणसं ते सांगतच नाहीत, त्यांना वाटतं त्यात काय सांगायचं.

तुमच्या गाडीत एच-४ बल्ब असणार. त्याला तीन पाय. आत दोन तारा, डिपरची ५५ वॅट आणि अप्परची ६०. एक पाय दोन्ही तारांना सामाईक, उरलेले दोन एकेकीचे. आपली समजूत असते की स्विचमधून प्लस येतो आणि बल्ब बॉडीला अर्थ होतो. जुन्या जपानी धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत ते उलटं असतं. लाईट लावली की सामाईक पायाला थेट प्लस येतो, डाव्याला त्याच्या फ्यूजमधून, उजव्याला त्याच्या. स्टिअरिंगजवळचा दांडा अर्थ देतो. डिपरवर असला तर डिपरच्या वायरला, अप्परवर असला तर अप्परच्या वायरला. निळ्या दिव्याचं एक टोक प्लसवर, दुसरं या अप्परच्या वायरवर. ती वायर अर्थ झाली की निळा लागतो.

आता उजव्याचा फ्यूज उडाला आणि तुम्ही डिपरवर आहात. उजव्या बल्बाच्या सामाईक पायाला प्लस नाही. पण वीज आडवाट शोधते. डाव्या बल्बाच्या अप्परच्या तारेतून ती अप्परच्या वायरवर येते, तिथून उजव्या बल्बाच्या अप्परच्या तारेत उलटी शिरते, सामाईक पायावर पोचते, मग त्याच बल्बाच्या डिपरच्या तारेतून जाऊन अर्थ होते. म्हणजे तीन तारा एका माळेत ओवल्या गेल्या. १२ व्होल्ट तिघींत वाटले गेले तर कोणालाच पोटभर मिळत नाही. तुम्हाला विडीसारखं तांबूस दिसलं ते हेच. आणि अप्परची वायर आता मधल्याच कुठल्यातरी व्होल्टेजवर लटकलीय, म्हणून निळ्याच्या दोन टोकांत थोडा फरक पडतो. तेवढ्यावर तो मिणमिणतो.

डिपरची तार तुटली असती तर? डिपरवर तो दिवा पूर्ण काळा, अप्परवर लख्ख आणि निळा एकदम नेहमीसारखा.

फ्यूज गेलेला सापडला तर जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच घाला. वरचा घालू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नाहीच. माझ्याकडे येतात हो अशा गाड्या. आणि तो का उडाला ते शोधल्याशिवाय घाटात जाऊ नका.

साखळीकर, मंगळवार, दुपारी ३.३०

भाऊ, दोनदा वाचलं, मग बिलाच्या मागे चित्र काढलं, तेव्हा डोक्यात शिरलं. म्हणजे गाडी मला सांगत होती, फक्त मला तिची भाषा कळत नव्हती. देव बरें करूं. संध्याकाळी बॉनेट उघडतो.

सुशेगाद, मंगळवार, दुपारी ३.४१

स्विचवाला सल्ला मागे घेतो.

फोंड्याची_काकू, मंगळवार, संध्याकाळी ५.१०

मुलगे एवढं विजेचं बोलतायत तर मीही माझं सांगते.

मागच्या चवथीच्या आधी माशेलहून माटोळीचं (गणपतीवर बांधतात त्या फळांच्या मांडवीचं) सामान भरून आणलं. डिकीत नारळांची दोन पोती, चिबूड, मागच्या सीटवर केळ्यांचा घड आणि त्याला धरून बसलेली जाऊबाई. गाडी मागून अगदी बसली होती. घरी येईपर्यंत समोरून येणारा प्रत्येक जण मला अप्पर-डिपर मारतोय. मी मीटरवर बघते तर निळा नाही, हिरवाच. मी डिपरवरच आहे! मग मीही चिडून दोघा-तिघांना अप्पर मारला उलट. एकाने काच खाली करून कोंकणीत जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, आई, मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं, डिपरही सरळ लोकांच्या डोळ्यात जातो. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला एक बारीक चाक आहे, ० ते ३ आकड्यांचं. चौदा महिने गाडी चालवत होते, मला वाटलं ते मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं! एकटं असलं की ०, सामान भरलं की वरचा आकडा, म्हणजे उजेड खाली येतो. मीटरवर यासाठी काही लागत नाही.

अबोली_पर्वरी, मंगळवार, संध्याकाळी ५.२२

काकू, जाऊबाईंनी केळी सोडली नाहीत ना शेवटपर्यंत? :)

फोंड्याची_काकू, मंगळवार, संध्याकाळी ५.४०

घड शाबूत आला. जाऊ आठ दिवस बोलत नव्हती.

मांडवीकाठ, मंगळवार, रात्री ८.३३

धाग्याला धरूनच बोलतो. पणजीच्या अटल सेतूवर रात्री कधीही जा, भाड्याची एक तरी गाडी अशी दिसते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, पुढे त्या एलईडीच्या पट्ट्या चमकतायत, मागे ठार काळोख. पुलावर दिव्यांचा उजेड असतो म्हणून चालून जातं. पण पुढे काणकोणकडे वळलात की करमल घाटात मागून येणाऱ्याला अशी गाडी दिसते ती थेट बॉनेटपुढे आल्यावर.

पूर्वी हेडलाईट लावेपर्यंत मीटरच काळा असायचा. स्पीड दिसत नाही म्हणून तरी माणूस बटण फिरवायचा. तो काळोख हाच इशारा होता. आता किल्ली फिरवली की मीटर टीव्हीसारखा उजळतो, दिवसा जळणारे ते पुढचे दिवे आपोआप लागतात, पुढच्या गाडीच्या पाठीवर थोडा उजेडही पडतो. माणसाला वाटतं लाईट चालू आहे. पण त्या पट्ट्यांबरोबर बहुतेक गाड्यांत मागचे दिवे लागत नाहीत. मीटरवर हिरवं चिन्ह नाही हे पर्यटकाला कळणार कसं? नसलेली गोष्ट कोणाच्या नजरेत भरते का?

पुणेकर_पाहुणा, मंगळवार, रात्री ९.०५

पर्यटकांवर घसरणार याची वाट पाहतच होतो. :) पण कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत आंबोली घाटाने गोव्याला आलो, मित्राची गाडी. धुकं दिसलं म्हणून फॉग लॅम्पचं बटण म्हणून जे सापडलं ते दाबलं. मीटरवर पिवळं चिन्ह आलं, दिव्याचं चित्र आणि त्यावर नागमोडी रेघ. बांदा ओलांडून पत्रादेवीला आलो तरी मागचा जीपवाला हॉर्न वाजवतोय, अप्पर मारतोय. धुकं केव्हाच मागे राहिलेलं. मी म्हटलं, काय घाई आहे याला?

पेट्रोल पंपावर तोच उतरून आला. म्हणाला, तुमच्या मागच्या बंपरचा लाल दिवा आंबोलीपासून आमच्या डोळ्यात खुपतोय, ब्रेक मारताय की नाही तेच कळत नाही. तो मागचा फॉग लॅम्प होता. त्याचं चिन्ह पिवळं, किरण उजवीकडे, सरळ आडवे. पुढच्या फॉगचं हिरवं, किरण डावीकडे आणि खाली झुकलेले. नागमोडी रेघ दोन्हींवर असते, म्हणून गल्लत झाली. तेव्हापासून पाठ केलंय.

म्हापशेकर, मंगळवार, रात्री ९.१८

पुणेकर, कबुलीबद्दल तुम्हाला पर्यटकांतून वगळलं. त्याच पद्धतीने डिपर-अप्परही ओळखता येतो. डिपरचे किरण खाली कललेले, अप्परचे सरळ. आणि निळा रंग दिव्यांमध्ये फक्त अप्परला. काही गाड्यांत इंजिन थंड असतानाचा थर्मामीटर निळा येतो, पण तो थोड्या वेळाने आपला आपण जातो.

साखळीकर, बुधवार, रात्री ९.५०

अपडेट.

वायरमन भाऊ, पैज जिंकलात. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचं चित्र पुसट झालेलं, टॉर्च आणि भिंग घेऊन वाचलं. उजव्या हेडलाईटचा १० चा फ्यूज उडालेला, आतली पट्टी मधोमध तुटून काचेसारख्या प्लास्टिकला काळा डाग. नवा १० चाच घातला. दिवा लागला, मिणमिणणारा निळा गायब. मुलाला दाखवायला फ्यूज पुन्हा काढला, निळा पुन्हा मिणमिणला. त्याला भलतीच मजा वाटली, चार वेळा काढायला लावला.

आनंद दोन किलोमीटर टिकला. बाजाराजवळच्या स्पीडब्रेकरवर गाडी आदळली आणि फ्यूज परत गेला.

आज बॅटरीशेजारची वायरिंगची नळी उलगडली. आत अर्धा खाल्लेला काजूगर, थोडं वाळलं गवत, आणि उजव्या हेडलाईटच्या प्लसच्या वायरचं प्लास्टिक दोन इंच सोललेलं. आतलं तांबं हिरवट पडलंय. उंदीर! धक्का बसला की ते उघडं तांबं बॉडीला लागत होतं. पावसाच्या दिवसांत गाडी माडाखाली उभी असते, इंजिन गरम, त्याला आयतीच माडी मिळाली. गॅरेजवाल्याने तेवढी वायर कापून नवी जोडली, वर स्लीव्ह चढवली. खर्च बल्बाच्या किमतीएवढा.

वायरमन_डिचोली, बुधवार, रात्री १०.०४

उंदीर म्हटल्यावर आश्चर्य नाही. जून ते सप्टेंबर माझं निम्मं काम तेच. बाजूच्या वायरींवरही बोट फिरवून बघा, एकच खाऊन तो थांबत नाही.

आता दिवे नीट चालू आहेत का ते बघायला रोज बॉनेट उघडू नका. रात्री घरी येताना एखाद्या बंद दुकानाच्या शटरसमोर दोन सेकंद थांबा. डिपरवर दोन उजेड दिसले पाहिजेत, वरची रेघ सारखी आणि डाव्या बाजूला थोडी चढलेली. ती चढण डावीकडेच हवी, कडेची माणसं दिसावीत म्हणून. मग एकदा अप्पर. मागच्या दिव्यांसाठी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि ब्रेक दाबून आरशात बघा. साइड इंडिकेटरचं तेवढं सोपं आहे. एक बल्ब गेला की टिकटिक दुप्पट वेगाने होते, ते कानालाच कळतं.

सुशेगाद, बुधवार, रात्री १०.१५

उंदरांवर उपाय काय? डांबरगोळ्या, तंबाखू, सगळं करून झालं. आमचा उंदीर तंबाखूला सरावलाय.

म्हापशेकर, बुधवार, रात्री १०.१९

त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील.

अबोली_पर्वरी, बुधवार, रात्री १०.५७

हे सगळं वाचून आत्ता छत्री घेऊन खाली पार्किंगमध्ये जाऊन आले. पुढचे दोन्ही चालू, मागचे चालू, ब्रेकचे चालू. नंबरप्लेटचा दिवा बंद. आणि माझी ती बोंबलणारी गाडी त्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही.

वायरमन_डिचोली, बुधवार, रात्री ११.०२

ताई, तो ५ वॅटचा बारका बल्ब. सगळ्याच गाड्या त्याच्यावर नजर ठेवत नाहीत. काच काढून बघा, बहुतेक बल्ब चांगला असेल आणि होल्डर गंजला असेल. पॉलिश पेपर मारा.

अबोली_पर्वरी, गुरुवार, सकाळी ७.४०

होल्डरच होता.